रोजकीर्दीकडून खतावणीकडे : चिप-रचनेतील तरंग-नोंदींच्या हानिरहित संकोचनाचा इतिहास

प्रस्तावना :

१९९४ मध्ये इंटेल कंपनीच्या पेंटियम या प्रोसेसरमध्ये भागाकाराची चूक आढळली. भागाकारासाठी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यातील काही नोंदी गाळल्या गेल्यामुळे ठरावीक संख्यांची उत्तरे चुकत होती. अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी ही बाब उघडकीस आणली आणि कंपनीला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. छापलेल्या ग्रंथाला शुद्धिपत्र जोडता येते. सिलिकॉनवर उतरलेल्या तक्त्याला ते जोडता येत नाही. म्हणून चिप तयार होण्यापूर्वीच तिचा आराखडा संगणकावर चालवून पाहतात. यालाच सिम्युलेशन म्हणतात. त्या वेळी आराखड्यातील प्रत्येक तारेवरील संकेत केव्हा व कसा बदलला, याची जी नोंद ठेवली जाते, ती तरंग-नोंद होय. ही नोंद लहान करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास हा केवळ जागा वाचविण्याचा इतिहास नाही. नोंद कोण, कशासाठी वाचणार आहे, हे उमगत गेल्याचा तो इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

हानिरहिततेची अट :

ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्र लहान करताना मानवी कानाला वा डोळ्याला न जाणवणारा भाग वगळता येतो. तरंग-नोंदीला ही सवलत नाही. ती एक प्रकारचा पुरावा असते आणि दोष कोणत्या क्षणी, कोणत्या तारेवर दडला आहे, हे आधी ठाऊक नसते. म्हणून मूळ नोंद जशीच्या तशी परत मिळालीच पाहिजे.

अशा संकोचनाचा सैद्धांतिक पाया क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये घातला. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत देण्याची रीत मांडली. १९७७ व १९७८ मध्ये इस्रायलचे जेकब झिव्ह आणि अब्राहम लेंपेल यांनी, आधी येऊन गेलेला मजकूर पुन्हा न लिहिता त्याकडे निर्देश करण्याच्या पद्धती दिल्या. १९९५ मध्ये उपलब्ध झालेल्या झेडलिब या मुक्त संगणकीय संचात लेंपेल-झिव्ह यांची पहिली पद्धत आणि हफमन यांची रीत एकत्र वापरली गेली.

बदलांचीच नोंद :

अमेरिकेतील गेटवे डिझाइन ऑटोमेशन या कंपनीत १९८४ च्या सुमारास फिल मूर्बी व प्रभू गोयल यांनी व्हेरिलॉग ही यंत्ररचना-वर्णनाची भाषा विकसित केली. पुढे ही कंपनी केडन्सने विकत घेतली. १९९५ मध्ये आय.ई.ई.ई. १३६४ या मानकाने भाषेला मान्यता मिळाली आणि तिच्यासोबत ‘व्हॅल्यू चेंज डंप’ म्हणजे व्हीसीडी हा नोंदीचा नमुनाही प्रमाणित झाला. यात शून्य, एक, अनिश्चित आणि कोणाचाही ताबा नसलेली तार अशा चार स्थिती असतात. प्रत्येक क्षणाची स्थिती न लिहिता फक्त बदल लिहायचा, हे त्याचे मुख्य तत्त्व. प्रत्येक संकेताला छापता येण्याजोग्या ९४ चिन्हांतून एक आखूड खूण दिली जाते.

या तत्त्वाचा लाभ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका आराखड्यात एक लाख संकेत आहेत आणि सिम्युलेशन दहा लाख पावले चालले. प्रत्येक स्थितीला दोन बिट धरल्यास संपूर्ण तक्त्याला २,५०० कोटी बाइट लागतील. प्रत्येक पावलाला शंभरांतील एकच संकेत बदलत असेल, तर एकूण बदल १०० कोटी होतात. मूल्य, तीन अक्षरांची खूण आणि ओळीचा शेवट मिळून एका बदलाला पाच बाइट लागले, तर फाइल सुमारे ५०० कोटी बाइटांची होईल. बदल शंभरपटीने कमी असूनही बचत पाचपटच झाली, कारण बहुतेक जागा खुणांनीच व्यापली.

वाचकाची अडचण :

व्हीसीडी ही व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीसारखी असते : घडेल तसे, काळाच्या क्रमाने लिहिलेले. दोष शोधणाऱ्या अभियंत्याला मात्र ठरावीक दहा-वीस संकेतांचा पूर्ण प्रवास हवा असतो, म्हणजेच त्याला खतावणी हवी असते. संपूर्ण फाइल झेडलिबने आवळली तर जागा वाचते. परंतु शेवटच्या टप्प्यातील एक संकेत पाहण्यासाठीही ती आरंभापासून उलगडावी लागते.

खतावणीची रचना :

या अडचणीतून नवे नमुने पुढे आले. नोव्हास कंपनीचा एफएसडीबी हा व्यावसायिक नमुना उद्योगात रूढ झाला. २००८ मध्ये नोव्हास स्प्रिंगसॉफ्टकडे आणि २०१२ मध्ये स्प्रिंगसॉफ्ट सिनॉप्सिसकडे गेली. मुक्त प्रणालींच्या क्षेत्रात जीटीकेवेव्हचे कर्ते टोनी बायबेल यांनी २००० नंतरच्या दशकात एकामागून एक नमुने रचले. त्यांतील एफएसटी विशेष टिकला.

एफएसटीमध्ये काळाचे खंड पाडून प्रत्येक खंडात संकेतवार नोंदी ठेवल्या जातात. त्यामुळे प्रत्येक बदलासोबत खूण लिहावी लागत नाही. एका बिटाच्या संकेताचे मूल्य आणि मागील बदलापासूनचे अंतर एकत्र बांधले जाते. अंतर थोडे असल्यास ते एका बाइटातही मावते. दोन संकेतांचा प्रवास तंतोतंत सारखा आढळल्यास तो एकदाच साठविला जातो. यानंतरच झेडलिब किंवा २०११ मध्ये यान कोले यांनी दिलेली एलझेड४ यांसारखी सर्वसाधारण पद्धत लावली जाते. हवे तेवढेच संकेत उलगडता येत असल्याने जागा व प्रतीक्षा दोन्ही कमी होतात.

समारोप :

शॅनन ते झिव्ह-लेंपेल या परंपरेने साधने दिली, हे निर्विवाद. तथापि, ती कोठे व कोणत्या क्रमाने लावायची, हे विषयाच्या जाणकारीनेच ठरले. तार बहुतांश काळ स्थिर असते, एकच संकेत अनेक ठिकाणी पोहोचतो आणि वाचक काळानुसार नव्हे तर संकेतानुसार शोध घेतो, ही निरीक्षणे चिप-रचनेच्या अनुभवातून आली. एकही बिट न गमावता नोंद लहान झाली, ती मजकुराची काटछाट करून नव्हे, तर त्याची मांडणी बदलून. पुरावा जपणाऱ्या प्रत्येक ज्ञानशाखेने या इतिहासातून घेण्याजोगा बोध तो हाच.