ढोल पळूं नये म्हणून

पाश्चात्य वाद्यवृंद रंगमंचावर बसला म्हणजे प्रेक्षकांची दृष्टि प्रथम जाते ती मागच्या बाजूस मांडलेल्या ड्रमांच्या पसाऱ्याकडे. आडवा पाडलेला मोठा ढोल, त्याभोंवतीं लहानमोठे ढोल, वर कांशाच्या झांजा, आणि या साऱ्यांच्या मध्यें बसलेला एकच वादक! त्याच्या हातांची चपळाई पाहून आपण थक्क होतों. परंतु हा सारा डोलारा ज्या लोखंडी पायांवर उभा असतो, त्यांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. संगीताच्या इतिहासकारांचेंहि फारसें गेलेलें नाहीं. आज मला त्या पायांविषयीं बोलावयाचें आहे. कारण ते जागीं राहिले नसते, तर वरच्या हातांना आज जें साधतें तें साधलें नसतें असें माझें मत आहे.

लष्करी बँडमध्यें हा प्रश्न मुळीं उद्भवतच नव्हता. तेथें मोठा ढोल एकाच्या छातीवर, लहान ढोल दुसऱ्याच्या कमरेशीं, आणि झांजा तिसऱ्याच्या हातांत. चालणारा मनुष्य हाच वाद्याचा आधार. हें वादन नाट्यगृहांत आणि नृत्यगृहांत शिरलें तेव्हां मात्र अडचण उभी राहिली. रंगमंचापुढील वादकांच्या खड्ड्यांत जागा अपुरी, आणि तिघांना वेतन देण्यापेक्षां एकालाच देणें मालकाला अधिक सोयीचें. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत एकाच वादकानें दोन्ही ढोल वाजविण्याची रीति रूढ झाली. मोठा ढोल उजव्या हाताशीं जमिनीवर, लहान ढोल समोर. मोठ्यावर एक टोला हाणावयाचा कीं तीच काठी लगेच लहानावर आणावयाची. हें कसब मोठें, पण त्याबरोबर दोन मनुष्यांची रोजी गेली हेंहि विसरून चालणार नाहीं.

या लहान ढोलाला बसावयास जागा कोणती? तर बहुधा एक साधी खुर्ची! खुर्चीच्या बैठकीवर ढोल कलता ठेवून वादक आपलें काम भागवी. टोल्यागणिक तो सरके, खुर्ची कुरकुरे, आणि दर गाण्यानंतर तो पुनः नीट बसवावा लागे. इंडियानापोलिसच्या युलिसिस लीडी नांवाच्या वादकानें त्या शतकाच्या अखेरीस उंची कमीजास्त करतां येईल असा घडीचा लोखंडी स्टँड बाजारांत आणला. आज आपणांस ही वस्तु इतकी सामान्य वाटते कीं ती कोणाला तरी प्रथम सुचावी लागली असेल हें मनांतहि येत नाहीं.

खरें स्थित्यंतर घडलें तें पायामुळें. पायानें ढोल वाजविण्याच्या युक्त्या पूर्वीं निघाल्या नव्हत्या असें नाहीं. ढोलाच्या माथ्यावरून लोंबणारीं कांहीं पेडलें होतीं, पण तीं संथ. इकडे रॅगटाइम नांवाच्या नव्या संगीताची लय द्रुत होत चालली होती. शिकागोचा वादक विल्यम लुडविग याला तें लोंबतें पेडल पुरें पडेना, म्हणून त्यानें प्रथम लांकडाचा एक नमुना स्वतःच तयार केला. पुढें यंत्रविद्या जाणणारा त्याचा मेहुणा रॉबर्ट डॅनली याच्या साहाय्यानें तो धातूंत उतरला, आणि १९०९ सालीं विल्यम व त्याचा भाऊ थीओबाल्ड यांनीं त्यावर आपला धंदा उभारला. हें पेडल जमिनीवर टेके, ढोलाच्या कड्याला खालच्या बाजूस आवळतां येई, आणि घडी करून नेतांहि येई. दोन्ही हात मोकळे झाले. आज ज्याला आपण ड्रम-संच म्हणतों त्याची खरी सुरुवात मी येथूनच मानतों.

मात्र हात मोकळे झाले आणि ढोल पळूं लागला! कारण उघड आहे. वादकाचा पाय नुसता खालीं दबत नाहीं, थोडा पुढेंहि रेटतो. पेडलाची गादीदार मोगरी कातड्यावर आदळते तीहि पुढच्याच दिशेनें. मिनिटाला शंभराहून अधिक टोले असे पडले, कीं गुळगुळीत लांकडी जमिनीवर ढोल तिळातिळानें वादकापासून दूर सरकतो. वादक पाय लांबवितो, मग बैठक पुढें ओढतो, आणि अखेरीस जो मनुष्य प्रारंभीं भिंतीशीं बसला होता तो नर्तकांच्या पायांत येतो. शिवाय आडवा पाडलेला ढोल म्हणजे एक चाकच. त्याला पुढें सरकण्याइतकाच बाजूला गडगडण्याचाहि मोह असतो.

यावर उपाय निघाला तो अगदीं साधा. ढोलाच्या पुढच्या कड्याला दोन्ही बाजूंस टोंकदार लोखंडी कांटे आवळावयाचे, आणि त्यांचीं टोंकें पुढें व बाहेर अशीं तिरपीं ठेवावयाचीं. त्यामुळें ढोल जों जों पुढें रेटला जातो, तों तों टोंकें जमिनींत अधिकच रुततात. पळणाऱ्याच्याच जोरानें पळणाऱ्याला अडकवावयाचें, अशी ही युक्ति आहे. कांटे पसरलेले असल्यामुळें ढोल गडगडतहि नाहीं. अर्थात् नृत्यगृहाच्या मालकाला आपल्या तुळतुळीत जमिनीवरील हे ओरखडे कसे खपावे? म्हणून खालीं सतरंजी आली. तिच्यावर वादकाची बैठक ठेवली म्हणजे वादकाचेंच वजन तिला धरून ठेवतें, आणि तिच्यांत रुतलेले कांटे ढोलाला. कोणी ढोल आपल्या बैठकीलाच दोरीनें किंवा पट्ट्यानें बांधीत, अजूनहि बांधतात.

१९२० नंतरच्या दशकांत हा पसारा फारच वाढला. मूकपटगृहांतील वादकाला घोड्यांच्या टापा, गाडीची शिटी, पाखरांचा किलबिलाट हें सारें आपल्या जागेवरून निर्माण करावें लागे. मग लांकडी ठोकळे, घंटा, चिनी झांजा यांसाठीं ढोलावर लोखंडी कमान आली, तिला चाकेंहि लागलीं. १९२७ सालीं बोलपट अवतरला आणि थोड्याच वर्षांत मूकपटगृहांतील या वादकांचा व्यवसाय बुडाला. चाकांवरची ती कमान मात्र नृत्यवृंदांबरोबर आणखी कांहीं काळ टिकून राहिली. याच दशकांत डाव्या पायालाहि काम मिळालें. जमिनीलगत आपटणाऱ्या दोन झांजा उंच दांड्यावर चढल्या आणि हाय-हॅट जन्मास आली. म्हणजे जमिनीवर सरकूं शकणारी आणखी एक वस्तु वाढली!

पुढें जीन क्रूपा आला. तोंवर संचांतील लहान टॉम-टॉम बहुधा चिनी बनावटीचे, कातडें खिळ्यांनीं ठोकलेले असत. स्वर लावतां येणारे टॉम-टॉम प्रचारांत आणण्यांत क्रूपाचा मोठा वांटा आहे. १६ जानेवारी १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें बेनी गुडमनच्या वृंदांत बसून त्यानें ड्रमला जें स्थान मिळवून दिलें, तें ताल धरणाऱ्या सेवकाचें नव्हतें. पण एक टॉम-टॉम आतां मोठ्या ढोलाच्याच पाठीवर बसला होता. वरचा टोला चुकला तर खालचा हले, आणि खालचा सरकला तर वरचा हाताला सांपडेना. पुढें रॉजर्स कंपनीनें चेंडू आणि खोबणीच्या सांध्याचे आधार काढले. १९७० नंतरच्या दशकांत त्याच कंपनीनें दांड्यावर अशीं कडीं बसविलीं कीं संच मोडून पुनः मांडला तरी प्रत्येक वस्तु पूर्वीच्याच उंचीवर यावी. याउलट इंग्लंडांतील ‘द हू’ या वृंदाचा कीथ मून! तो १९६४ मध्यें प्रथम त्यांच्याबरोबर वाजवावयास आला, तेव्हां दोर काढून त्यानें आपले ढोल खांबालाच बांधले, अशी त्याचा सहवादक जॉन एंटविसल याची आठवण आहे.

हा संच आपल्या मुंबईसहि अपरिचित नाहीं. १९३५ सालीं लिऑन ॲबीचा निग्रो वृंद ताजमहाल हॉटेलांत वाजवावयास आला, आणि त्यानंतर गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांनीं ही विद्या झपाट्यानें आत्मसात केली. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेला ट्रम्पेटवादक त्यांच्यांतलाच. सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’मध्यें या गोमंतकीय वादकांची छाप स्पष्ट ऐकूं येते. तालवाद्यांच्या बाजूस कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बर्जोर या पारशी कुटुंबानें चित्रपटसंगीताची दीर्घकाळ सेवा केली.

आपल्या देशीं वाद्यांकडे पाहिलें म्हणजे मात्र एक गोष्ट मनांत भरते. आपल्या तबल्याला ना कांटा ना स्क्रू. कापडाच्या एका चुंबळीवर तो बसतो, आणि दोन तास वाजविला तरी जागचा हलत नाहीं. त्याचा तळ जड, टोला वरून खालीं, आणि वादक जमिनीवरच बसलेला; पळावयाचें तरी कोणत्या दिशेनें? शिवाय चुंबळ त्याला आवळीत नाहीं, नुसती झेलते. म्हणून त्याची आंस घुमत राहते.

हें झेलणें पाश्चात्यांना फार उशिरां सुचलें. ढोल जागीं रहावा म्हणून ते त्याच्या अंगाला भोंक पाडून लोखंडी दांडा आंत खुपसीत, आणि मग ढोल हलत नसे तसा घुमतहि नसे. १९८० च्या सुमारास गॅरी गाउगर या अमेरिकन वादकानें ढोलाच्या लाकडाला न शिवतां त्याला वरच्या कड्याच्या आधारानें टांगून धरणारी चौकट काढली, आणि दबलेला नाद मोकळा झाला. उलट १९८३ मध्यें जेफ पोरकारो याच्या सहकार्यानें पर्ल कंपनीनें सारे ढोल व झांजा एकाच नळ्यांच्या सांगाड्यावर चढविल्या. त्यानें तिवयांची गर्दी मिटली. पण एवढें लोखंड खांद्यावर वाहून नेणाऱ्या वादकाला त्याचें कौतुक किती वाटत असेल, याची मला शंका आहे.

मोठा ढोल मात्र अद्याप जमिनीवरच आहे, आणि त्याचे कांटेहि. रबरी बोंडाखालून टोंक बाहेर काढतां येतें, एवढीच काय ती सुधारणा. वादक अजूनहि कार्यक्रमापूर्वीं येऊन प्रथम सतरंजीच अंथरतो. तिच्यावर प्रत्येक पायाची जागा चिकटपट्टीनें आंखलेली असते. त्या खुणांवर एकेक तिवई उभी करून झाली, कीं मग तो झांजा पेटींतून बाहेर काढतो.