खोपोलीची मजल

अमेरिकेतल्या घोडागाड्यांचे सिनेमे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. वाळवंटात एकटंच एक ठाणं. गाडी येते, घोडे बदलतात, उतारू घोटभर पाणी पितात आणि पुढे निघतात. बटरफिल्ड यांची टपालगाडी १८५८ ते १८६१ अशी जेमतेम तीन वर्षं तिथल्या कोरड्या मुलखातून धावली. नेमकी त्याच वर्षांत आपल्या बोरघाटाच्या पायथ्याशी एक ठाणं गजबजलेलं होतं. ते म्हणजे खोपोली. इथे वाळवंट नव्हतं, पण समोर सह्याद्री उभा होता.

आगगाडीपूर्वी मुंबईहून पुण्याला यायचं तर होडीनं पनवेल गाठायचं आणि मग घाट चढायचा. नाना फडणवीसांनी खोपोलीला तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलेलं होतं. चढण लागण्याआधी पाण्याची ही सोय किती मोलाची, हे घाट पायी चढलेल्यालाच कळेल. १८३० मध्ये, माल्कम गव्हर्नर असताना, घाटातून गाडीरस्ता झाला. ज्याला आपण पुढे अमृतांजन पूल म्हणू लागलो, तो त्याच सालचा. एप्रिल २०२० मध्ये तो पाडला.

१८५६ साली मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंत आली. जून १८५८ मध्ये पुण्याची गाडी खंडाळ्यापर्यंत पोहोचली. मधला घाट तेवढा राहिला. मग जवळजवळ पाच वर्षं उतारू खोपोलीला उतरत, पालखीत, तट्टावर नाहीतर पायी वर येत आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसत. मधलं अंतर भोयांच्या खांद्यांवर आणि हमालांच्या डोक्यांवर चाले.

शेजारीच डोंगर फुटत होता. पंचवीस बोगदे खणायचे होते. १८६१ मध्ये कामावर सुमारे ४२,००० माणसं होती. पटकीनं कितीतरी गेले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारले आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवला. बाईंचं नाव इतिहासात राहिलं, ते योग्यच. पण सुरुंग लावणाऱ्यांचं, पालखी वाहणाऱ्यांचं नाव शोधू गेलं तर सापडत नाही. १८६३ मध्ये घाटातली गाडी सुरू झाली आणि भोयांची गरज संपली. नवा रूळ कर्जतहून परस्पर वर गेला, खोपोली बाजूला पडली. आजही कर्जतहून येणारी लोकल तिथेच थांबते, पुढे रूळ नाहीत.

भाषेनं मात्र हा प्रवास सांभाळला आहे. आमच्या घरात मंजिल म्हणजे पोहोचायचं ठिकाण. मूळ अरबीत तिचा अर्थ उतरण्याची जागा. मराठीनं तिची मजल केली, एका दमात चालायची वाट, आणि माणसं मजल दरमजल करीत निघाली. टप्पाही तसाच टिकला. एसटीचं भाडं अजून टप्प्यावरच मोजतात, सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि सरकारी कागदात अशा गाडीला नाव आहे ‘टप्पा वाहतूक’.