तीन पत्ती : हातांची संभाव्यता

गोव्यात मांडवीवरच्या कॅसिनोंत आणि दिवाळीच्या घरगुती बैठकींत रंगणारा जुगार. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात. पैकी जोडी ३,७४४, कलर (एकाच रंगाची, पण सलग नसलेली पाने) १,०९६, साधी सिक्वेन्स (सलग, पण एकाच रंगाची नसलेली पाने) ७२०. तब्बल १६,४४० हातांत काहीच जुळत नाही. विलक्षण बाब वरच्या टोकाला आहे. एकाच रंगात एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२ क्रम बसतात, म्हणून चार रंगांत प्युअर सिक्वेन्स ४८. तीन सारख्या पानांचे ट्रेल मात्र ५२. अधिक दुर्मीळ हात प्युअर सिक्वेन्सचा, तरी रूढीने मान ट्रेललाच. गणिताच्या दृष्टीने हा क्रम चुकीचाच म्हणावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा मानला.