प्रयोगशाळेतील अदृश्य धोका

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी - रुग्णाचा अहवाल हाती आला की डॉक्टर सावध होतात. परंतु तो अहवाल तयार करणाऱ्या तंत्रज्ञाला नमुना हाताळताना त्यात काय दडले आहे याची कल्पना नसते. म्हणूनच प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे समजून काम करणे, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम होय.

'घाटी' या नावाने परिचित असलेल्या येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १९५६) मराठवाड्यासह शेजारच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. अशा मोठ्या रुग्णालयापासून गल्लीतील खासगी पॅथॉलॉजी लॅबपर्यंत रक्त, थुंकी, लघवीचे नमुने रोज हाताळले जातात. तंत्रज्ञांबरोबरच शिकाऊ विद्यार्थी, काचसामान धुणारे व कचरा उचलणारे कर्मचारीही या धोक्याच्या कक्षेत येतात.

संसर्ग कसा होतो?
सुई टोचणे, फुटलेल्या काचेने कापणे, डोळ्यांत थेंब उडणे आणि हवेतील सूक्ष्म तुषार श्वासावाटे आत जाणे, हे प्रमुख मार्ग आहेत. बाधित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्हीचा धोका हजारात सुमारे तीन इतका असतो. हिपॅटायटिस 'सी'चा धोका दोन टक्क्यांच्या आत, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस 'बी'चा धोका सहा ते तीस टक्के असतो. म्हणजे ज्या एचआयव्हीची सर्वाधिक भीती वाटते, त्याहून 'बी' कितीतरी पटीने अधिक संसर्गजन्य आहे.

क्षयरोग व ब्रुसेलोसिसचे जंतू हवेतून पसरू शकतात. सेंट्रिफ्यूजमध्ये नळी फुटल्यास झाकण लगेच न उघडता यंत्र बंद करून सुमारे अर्धा तास थांबावे, असे सांगितले जाते ते यामुळेच.

पुण्याचा अनुभव
१९५७ मध्ये कर्नाटकात आढळलेल्या क्यासानूर जंगल ज्वराचे, म्हणजेच माकडतापाचे, संशोधन पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने केले. त्या काळात विषाणू हाताळणाऱ्या काही कर्मचाऱ्यांनाच या तापाची लागण झाली. हीच संस्था आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. अतिघातक विषाणूंसाठी जैवसुरक्षा स्तर-४ची प्रयोगशाळा तेथे २०१२ पासून आहे. हाच माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गात मोठ्या प्रमाणावर आढळला.

सुई टोचल्यास
जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती दाबू नये, बोट तोंडात घालू नये. डोळ्यांत थेंब गेल्यास स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. त्यानंतर प्रभारींना कळवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांच्या आत सुरू करावी लागतात. ७२ तासांनंतर ती सुरू करून उपयोग होत नाही. हा औषधक्रम २८ दिवसांचा असतो. हिपॅटायटिस 'सी'वर लस नाही. मात्र वेळीच निदान झाल्यास तो आता औषधांनी बरा होतो.

खबरदारी
हिपॅटायटिस 'बी'ची लस शून्य, एक व सहा महिने अशा तीन मात्रांत घ्यावी. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करावी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, तोंडाने पिपेट ओढू नये आणि हातमोजे घालून फोन उचलू नये.

जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ नुसार सुया पांढऱ्या, न भेदता येणाऱ्या डब्यात टाकणे बंधनकारक आहे. रक्तनमुने व जंतूंच्या कल्चरचा कचरा जागीच निर्जंतुक करून मगच बाहेर पाठवावा लागतो. कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस 'बी' व धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारीही हेच नियम संस्थेवर टाकतात.

टोचलेली सुई बहुधा लपवली जाते. बोलणी बसतील, कंत्राट जाईल, ही भीती त्यामागे असते. परंतु उपचाराचे घड्याळ सुई टोचल्या क्षणापासून चालू होते. त्यामुळे अपघाताची नोंद करणाऱ्याला दोष न देणे, हाही प्रयोगशाळेच्या सुरक्षेचाच भाग ठरतो.