सागरसम्राट ते खोल समुद्र : ओएनजीसीचा प्रवास आणि कंत्राटी माणूस

मंडळी, कोडोलीत बसून समुद्रातल्या तेलाचा इतिहास कशाला ऐकायचा, असं कुणाला वाटलं तर त्यात चूक नाही. आपल्याकडे जमिनीत भोक पाडायचं ते पाण्यासाठी. पण बोअरची गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करू. गाडी शेतात उभी राहते, पाय टेकवते आणि दांड्यामागून दांडा खाली सोडते. समुद्रातही तत्त्व तेच. प्रश्न एवढाच की पाय टेकवायचे कुठे?

ओएनजीसी म्हणजे तेल व नैसर्गिक वायू आयोग १९५६ साली स्थापन झाला. केशवदेव मालवीय यांचा आग्रह होता की तेल शोधण्याचं काम परदेशी कंपन्यांच्या मर्जीवर सोडू नये. १९६० साली गुजरातेत अंकलेश्वरला तेल लागलं. पुढे सोव्हिएत तज्ज्ञांच्या मदतीनं पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्राची पाहणी झाली. तळाखाली खडकाचा एक प्रचंड उंचवटा सापडला, तोच बॉम्बे हाय. १९७० मध्ये खंबातच्या आखातात अलियाबेटला उथळ पाण्यात पहिली विहीर घेतली गेली.

बॉम्बे हायला मात्र पाणी सुमारे ७५ मीटर. त्यासाठी जपानमध्ये ‘सागरसम्राट’ बांधून घेतलं. हे जॅक-अप जातीचं यंत्र. तरंगत जायचं, जागेवर पोचलं की लांबलचक पाय तळावर रोवायचे आणि अंग पाण्याच्या वर उचलून घ्यायचं. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, तळाखालच्या चुनखडकात त्याला तेल लागलं. वेळही बघा. १९७३च्या अखेरीस अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरच्या आसपास होता, तो बारा डॉलरकडे गेला होता. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे नळ उरणला आले. १९८०च्या दशकात एकट्या या क्षेत्रातून वर्षाला सुमारे २ कोटी टन तेल निघू लागलं. सागरसम्राटचं चित्र एक रुपयाच्या नोटेवर आलं, ते उगाच नाही.

आता खोल समुद्राकडे वळू. पाणी शंभर-सव्वाशे मीटरच्या फार पुढे गेलं की पाय पुरत नाहीत. मग तरंगतं जहाज लागतं. नांगरही पुरेनासा झाला की यंत्रांनी सतत पंखे फिरवून ते एका जागी धरून ठेवावं लागतं. एक क्षण सुटला तर खालचा नळ तुटायची भीती. अशी जहाजं जगात मोजक्याच कंपन्यांकडे होती. ओएनजीसीनं १९८०च्या दशकात ‘सागर विजय’ आणि ‘सागर भूषण’ ही स्वतःची खोदजहाजं घेतली. पण २००३ साली ‘सागर समृद्धी’ ही खोल समुद्राची मोहीम निघाली, तेव्हा मुख्य भिस्त होती भाड्याच्या जहाजांवर. २०१३ मध्ये पूर्व किनाऱ्यापलीकडे ३,१०० मीटरहून खोल पाण्यात विहीर घेऊन जागतिक विक्रम झाला. विहीर ओएनजीसीची, जहाज ट्रान्सओशन या परदेशी कंपनीचं, आणि जहाजाचं नाव ‘धीरूभाई डीपवॉटर केजी-१’! जानेवारी २०२४ मध्ये कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या खोल समुद्रातल्या ओएनजीसीच्या गटातून पहिलं तेल आलं. ते वर घेणारं जहाजही भाड्याचंच.

भाड्यानं घेण्यात गैर काही नाही. शेतकरीही बोअरची गाडी विकत घेत नाही. पण काम हातोहाती खाली जातं, तशी जबाबदारीही पातळ होत जाते. आमच्या मते या इतिहासाचा खरा प्रश्न तोच आहे.

दोन घटना बघू. २७ जुलै २००५, मुंबईच्या महापुराचा दुसरा दिवस. बोटा कापलेल्या एका माणसाला ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजातून बॉम्बे हायच्या उत्तर फलाटावर आणायचं होतं. पावसाळी हवेत हेलिकॉप्टर उडत नव्हतं. जहाज फलाटाच्या वायूवाहक नळावर आदळलं, आग लागली. ३८४ पैकी ३६२ जण वाचले, २२ गेले. दुसरी घटना १७ मे २०२१ची. तौक्ते वादळाचा इशारा आधी मिळाला होता. तरीही ‘पी-३०५’ हा तराफा बॉम्बे हायजवळच राहिला आणि बुडाला. ‘वरप्रदा’ ही टगही बुडाली. दोन्हींवर मिळून २७४ माणसं होती. ८६ मरण पावली. नौदलानं खवळलेल्या समुद्रातून १८८ जणांना वाचवलं. तराफ्यावरचे बहुतेक जण ओएनजीसीचे नोकर नव्हते. काम ओएनजीसीचं, ठेका एकाचा, तराफा दुसऱ्याचा, माणसं आणखी तिसऱ्यानं आणलेली. मग धोक्याच्या वेळी ‘चला, परत फिरा’ हे कुणी म्हणायचं?

वारणेच्या खोऱ्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. कारखान्याच्या गाळपाचा आकडा पेपरात येतो. पण तोडणीला आलेली माणसं कारखान्याची की मुकादमाची, हा प्रश्न फडात कुणाला साप चावला की मगच उभा राहतो. तेलाचंही तसंच आहे. टन मोजले जातात, मीटर मोजले जातात, विक्रम नोंदले जातात.

म्हणून आम्हाला वाटतं, ओएनजीसीचा इतिहास लिहिताना सागरसम्राटइतकीच जागा या माणसांनाही हवी. आणि यापुढे समुद्रातल्या कुठल्याही कामावर, नोकर कुणाचाही असो, वादळाचा इशारा आल्यावर काम थांबवण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हे माणूस बोटीवर चढण्याआधी त्याला त्याच्या भाषेत लिहून मिळालं पाहिजे. आपल्या भागातली पोरं अशा कामावर निघाली, तर घरच्यांनी पगाराआधी हा कागद मागावा.