पाय घसरला म्हणून गप्प बसू नका : शेत, ओटा अन् जिनिंगमधले पडण्याचे अपघात

तिवसा : कामावर कुणी पडलं की पहिला शब्द निघतो, "काही नाही, पाय सटकला." लगेच दुसरा ऐकू येतो, "पाहून चालाचं होतं नं." विषय तिथंच संपतो. पण मनगट किंवा खुबा मोडला असेल तर सोयाबीनचा अख्खा हंगाम खाटेवर जातो, आणि रोजावर चालणाऱ्या घरात कमाईचा काळ तोच असतो. अशा अपघाताचं कारण बहुतेक वेळा पडणाऱ्याच्या पायात नसतं, पायाखाली असतं. आणि चूक स्वतःची वाटली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.

घसरणे आणि अडखळणे

हे दोन वेगळे अपघात आहेत. ओल्या, तेलकट किंवा दाणे सांडलेल्या जागी टाच पुढे सरकते आणि माणूस मागे पडतो. मार खुबा, कंबर, मनगट किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला लागतो. दोरी, पाइप, चुंगडी किंवा उंचवट्यात पाय अडकला तर माणूस पुढे पडतो. तेव्हा तळहात, गुडघे आणि तोंडावर मार बसतो. पहिल्यावर उपाय झाडू आणि कोरडी फरशी. दुसऱ्यावर उपाय मोकळी वाट आणि पुरेसा उजेड.

आपल्या भागात धोका कुठे?

मळणी : हडंब्याभोवती कुटार साचतं. कोरडं कुटार गुळगुळीत असतं. त्यावरून पाय सरकला की माणूस आधारासाठी हात पुढे करतो, आणि पुढे यंत्राचं तोंड असतं. दर थोड्या वेळानं यंत्र थांबवून उभं राहायची जागा साफ करावी. ढिला दुपट्टा, मोकळा पदर यंत्राजवळ नको.

धान्याचा ओटा : सिमेंटवर सांडलेले सोयाबीन, तुरीचे दाणे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाला खालचं दिसत नाही. प्रत्येक हर्रासानंतर ये-जा करण्याची वाट झाडून घेणं, रिकामी चुंगडी आणि सुतळी एका बाजूला ठेवणं, हे काम कुणाचं ते आधीच ठरलेलं असावं.

जिनिंग : सांडलेली सरकी, यंत्राखाली ठिबकणारं तेल आणि उघडे खड्डे ही तीन मुख्य कारणं. फरशी, पायऱ्या आणि वाटा अडथळ्यांपासून व घसरड्या पदार्थांपासून मोकळ्या ठेवाव्यात, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३२ नं सांगितलं. जमिनीतले खड्डे झाकावेत किंवा कुंपणानं बंद करावेत, असं कलम ३३ सांगत होतं. म्हणजे जागा साफ ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, मजुराची मेहेरबानी नाही.

विहीर आणि बाग : शेवाळलेल्या पायऱ्या, मोटारीजवळचा चिखल, धुऱ्यावर आडवा पडलेला पाइप. रात्री वीज आली की शेतकरी अंधारात मोटार सुरू करायला जातो. तिथं पाय घसरला तर पडण्यासोबत शॉकचाही धोका असतो. संत्रा तोडताना शिडी भुसभुशीत मातीवर टेकवू नये. छातीपर्यंत कॅरेट उचललं तर पुढची वाट दिसत नाही, म्हणून एका वेळी एकच न्यावं.

स्वयंपाकघर : महामार्गावरचे ढाबे, शाळेतली पोषण आहाराची खोली. तेल सांडलं की त्यावर नुसतं पाणी ओतू नये, तेल पसरतं. आधी राख किंवा लाकडी भुसा टाकून टिपून घ्यावं, मग साबणानं धुवावं.

काळी माती ओली झाली की चप्पलच्या तळाला थर चढतो आणि पकड जाते. तळ झिजलेली स्लिपर घालून वेचणीला किंवा फवारणीला जाऊ नये. खाचा असलेला गमबूट बरा.

कुणी पडलं तर

ओढून उभं करू नका. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलवू नका, १०८ वर फोन करा. एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडलेला असू शकतो. मालिश नको, चालवून पाहणं नको. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गडबड झाली तर लगेच दवाखाना गाठा.

हक्क कोणते?

कामामुळे आणि काम करताना इजा झाली तर मालकानं भरपाई द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानं आणलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. ट्रॅक्टर किंवा विजेच्या यंत्रावर होणारी शेतीकामंही १९२३ च्या कायद्याच्या यादीत होती. नशेत असणं किंवा सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, असे अपवाद त्यात आहेत. साधी बेसावधी त्या अपवादांत नाही.

खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५ वर्षे. मृत्यू झाल्यास २ लाख, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करावा लागतो. नुसतं हाड मोडलं तर या योजनेत रक्कम नाही.

ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा मजुरासाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेता येते. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी १ लाख. खात्यात हप्त्यापुरते पैसे नसतील तर विमा बंद पडतो, हे लक्षात ठेवावं.

पहिल्याच दिवशी हे करा

दवाखान्यात डॉक्टरांना नुसतं "पडलो" असं सांगू नका. कुठे, किती वाजता, कोणतं काम करताना आणि कशावरून पाय घसरला, हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. जागा साफ होण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. सोबत काम करणाऱ्या दोघांची नावं लिहून ठेवा. इजा मोठी असेल तर पोलिसांना कळवून पंचनामा करून घ्या. पुढं अर्ज कुठेही करा, आधी हेच कागद मागतात. केसपेपरवर फक्त "घरी पडले" असं लिहिलं गेलं, तर शेतातला अपघात शेतातला होता हे सिद्ध करताना घरच्यांची दमछाक होते.

आणि ज्या जागी एक जण घसरला, ती जागा दुसरा घसरायच्या आत झाडून घ्या.