गगनचुंबी इमारती आणि रस्त्यावरचें ऊन

उंच बांधण्याची हौस मनुष्याला आजची नाहीं. इजिप्तमधील पिरॅमिड, युरोपांतील ख्रिस्ती मंदिरांचे मनोरे, तंजावरचें बृहदीश्वराचें देवालय, दिल्लीचा कुतुबमिनार हीं सारीं त्याच हौसेचीं रूपें होत. परंतु या जुन्या वास्तूंत आणि ज्यांना आपण गगनचुंबी इमारती म्हणतों त्यांत एक मोठा भेद आहे. मिनाराच्या माथ्यावर कोणी बिऱ्हाड करीत नाहीं, कीं देवळाच्या शिखरांत कोणी कचेरी थाटीत नाहीं. जुनी उंची देवासाठीं किंवा राजासाठीं होती. तिच्यापासून भाड्याची अपेक्षा कोणीं केली नाहीं. नव्या उंचीचा प्रत्येक मजला मात्र भाडें देतो, निदान तो देईल या आशेनें उभा केलेला असतो. म्हणून गगनचुंबी इमारत हें मानवी महत्त्वाकांक्षेचें प्रतीक होय, असें जें नेहमीं म्हटलें जातें, तें खोटें नसलें तरी अपुरें आहे. महत्त्वाकांक्षेनें तिला उंची दिली हें खरें. पण तिला आकार दिला तो खालच्या रस्त्यावरील उजेडाच्या प्रश्नानें. तो इतिहास आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाचा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरांतील घराची उंची माणसाच्या पायांनीं ठरविलेली होती. पांच-सहा जिने रोज चढण्यास कोणी खुशी नसे. म्हणून खालचे मजले महाग आणि वरचे स्वस्त. ओझें वर नेणारे पाळणे तेव्हांही होते. परंतु दोर तुटला तर काय, या धास्तीनें माणसें त्यांत पाऊल ठेवण्यास कचरत. १८५४ मध्यें एलिशा ओटिस या अमेरिकन कारागिरानें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत स्वतः अशा पाळण्यावर उभें राहून, सर्वांसमक्ष, वरचा दोर तोडविला. पाळणा किंचित् खालीं आला आणि बाजूच्या दांत्यांत अडकून जागच्या जागीं थांबला. १८५७ मध्यें ब्रॉडवेवरील एका पांच मजली दुकानांत माणसें नेणारी त्याची पहिली लिफ्ट सुरू झाली. लिफ्ट रुळली तसा भाड्याचा हिशोबच उलटला. जो मजला उंच तो हवेशीर, आणि जो हवेशीर तो महाग, असें ठरूं लागलें.

दुसरी अडचण भिंतीची होती. विटादगडांच्या घरांत साऱ्या मजल्यांचा भार भिंती वाहतात. त्यामुळें घर जितकें उंच, तितकी तळची भिंत जाड करावी लागते. शिकागो शहरांतील मोनॅडनॉक ही १८९१ मध्यें पुरी झालेली सोळा मजली विटांची इमारत आजही उभी आहे. तिच्या तळाशीं भिंती सहा फूट जाड आहेत. त्याहून फार वर जावें तर तळमजल्यावर दुकानाला जागाच उरूं नये! पण याच शहरांत त्यापूर्वींच एक निराळी वाट सांपडली होती. १८७१ च्या भयंकर आगीनंतर शिकागोचा व्यापारी भाग नव्यानें बांधला जात असतां, विल्यम ल बॅरन जेनी या स्थापत्यविशारदानें होम इन्शुरन्स कंपनीची दहा मजली इमारत योजिली. १८८५ मध्यें पुऱ्या झालेल्या या इमारतीचा भार बव्हंशीं लोखंड-पोलादाच्या सांगाड्यानें पेलला होता. तिची उंची अवघी १३८ फूट, आणि १९३१ मध्यें ती पाडलीही गेली. परंतु तिनें दाखविलेल्या मार्गानें पुढें भिंत ही केवळ अंगावरील वस्त्राप्रमाणें झाली, आणि उंचीला मर्यादा उरली ती पैशाची.

पैसा न्यूयॉर्कमध्यें होता. मॅनहॅटनचें बेट अरुंद, व्यापार सारा त्याच्या दक्षिण टोकाला दाटलेला, आणि जमिनीचे भाव भडकलेले. महाग जमीन घेणाऱ्यानें तीच जमीन एकावर एक अशी पुनःपुन्हां भाड्यानें द्यावी, हा हिशोब सरळ होता. पांच आणि दहा सेंटांच्या किरकोळ वस्तु विकून श्रीमंत झालेल्या फ्रँक वूलवर्थनें १९१३ मध्यें ७९२ फूट उंचीची इमारत उभी केली, आणि तिचे सुमारे एक कोटी पस्तीस लक्ष डॉलर रोख मोजले. अध्यक्ष विल्सन यांनीं वॉशिंग्टनमध्यें बसून कळ दाबली आणि न्यूयॉर्कमधील त्या मनोऱ्याचे दिवे लागले. जगानें कौतुक केलें. परंतु त्या मनोऱ्यांच्या पायथ्याशीं काय होत होतें, याची वाच्यता दोनच वर्षांनीं मोठ्यानें होऊं लागली.

१९१५ मध्यें ब्रॉडवेवर इक्विटेबल इमारत पुरी झाली. एक एकराहून थोड्या लहान भूखंडावर ती पदपथाच्या कडेपासून सरळ अडतीस मजले वर गेली. कोठें मागें सरणें नाहीं, कोठें अंग चोरणें नाहीं. तिच्या साऱ्या मजल्यांचें क्षेत्रफळ बारा लक्ष चौरस फुटांहून अधिक, म्हणजे भूखंडाच्या जवळजवळ तीसपट भरलें. तिच्या सावलीखालीं भोंवतालच्या गल्ल्या आणि कचेऱ्या अंधारल्या. एकाच्या मिळकतीनें दुसऱ्याचा उजेड हिरावून घ्यावा काय, हा प्रश्न उभा राहिला. आपल्या जमिनीवर आपण कितीही उंच जाऊं, ही मालकीची जुनी कल्पना. आणि ऊन व हवा हीं सर्वांचीं, ही दुसरी.

या वादांतून २५ जुलै १९१६ रोजीं न्यूयॉर्कचा सुप्रसिद्ध कायदा मंजूर झाला. तो केवळ परोपकारबुद्धीनें झाला असें मात्र समजूं नये. शेजारच्या मालकांना आपलीं भाडीं उतरण्याची धास्ती होती. फिफ्थ अॅव्हेन्यूवरील दुकानदारांना शिलाईचे कारखाने आपल्या वस्तींत नको होते. स्वार्थ अनेकांचे होते; पण त्यांतून निष्पन्न झालेला नियम सार्वजनिक हिताचा होता. रस्त्याच्या रुंदीच्या ठराविक प्रमाणांत भिंत सरळ वर न्यावी. त्यापुढें ती पायऱ्यापायऱ्यांनीं मागें हटली पाहिजे. भूखंडाच्या एक चतुर्थांश भागावर मात्र मनोरा हवा तितका उंच करावा. अशा रीतीनें कायद्यानें उंची बंद केली नाहीं. उंचीला अंग आवरून वर जाण्यास शिकविलें. पायऱ्यापायऱ्यांनीं निमुळत्या होत गेलेल्या ज्या इमारतींचे चित्र आपल्या डोळ्यांपुढें न्यूयॉर्क म्हटलें कीं उभें राहतें, तें चित्र या नियमाचें अपत्य आहे.

महत्त्वाकांक्षेचा खरा कळस पुढें आला. क्रायस्लर इमारत आणि वॉल स्ट्रीटवरील चाळीस क्रमांकाची इमारत यांच्यांत उंचीची शर्यत लागली. क्रायस्लरच्या शिल्पकारानें १८५ फुटांचें पोलादी टोक इमारतीच्या पोटांत गुपचुप जोडून ठेविलें, आणि २३ ऑक्टोबर १९२९ रोजीं तें एकाएकीं वर काढून १०४६ फुटांची उंची गांठली. दुसऱ्याच दिवशीं शेअरबाजार कोसळूं लागला! पुढें १७ मार्च १९३० रोजीं एम्पायर स्टेट इमारतीचें बांधकाम सुरू झालें आणि १ मे १९३१ रोजीं तिचें उद्घाटन झालें. १०२ मजले, १२५० फूट, आणि काळ अवघा साडेतेरा महिने! एके वेळीं तीन हजारांवर मजूर तेथें खपत होते. अधिकृत नोंदीप्रमाणें पांचांचा त्यांत बळी गेला. परंतु मंदीच्या दिवसांत भाडेकरू कोठून यावे? बहुतेक मजले रिकामे राहिले, आणि लोक तिला थट्टेनें ‘एम्प्टी स्टेट’, म्हणजे रिकामी इमारत, असें म्हणूं लागले. तिला नफा दिसण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. तरीही पांच मजल्यांच्या पायथ्यावरून ती रस्त्यापासून खूप मागें सरून वर गेली आहे, आणि तिच्याखालून चालणाऱ्याला ती अंगावर आल्यासारखी वाटत नाहीं. भाड्यानें तिला दगा दिला. नियमानें तिला शोभा दिली.

१९६१ मध्यें न्यूयॉर्कनें तो कायदा बदलला, आणि मजल्यांच्या एकूण क्षेत्रफळाचें भूखंडाशीं असलेलें प्रमाण हें नवें माप घेतलें. मुंबईकर ज्याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात, तें हेंच गणित. तो एका आंकड्यानें वाढवावा कीं नाहीं, याविषयीं जे वाद आपण ऐकतों, त्यांत इमारत किती उंच होईल याची चर्चा पुष्कळ असते. शेजारच्या खिडकींत किती उजेड उरेल याची फार थोडी. २०१० मध्यें दुबईंत ८२८ मीटर उंचीचा मनोरा पुरा झाला. उद्यां कोठें याहून उंच होईल. उंचीचा विक्रम हा मोडण्यासाठींच असतो. पण न्यूयॉर्कनें १९१६ सालीं जो प्रश्न विचारला, तो प्रत्येक शहराला आपल्यापुरता पुन्हां विचारावा लागतो: वर चढणाऱ्यानें खालीं राहणाऱ्यासाठीं किती आकाश सोडावें? त्याचें उत्तर पाहण्यास इमारतीच्या माथ्यावर जाण्याचें कारण नाहीं. दुपारीं तिच्या पायथ्याशीं उभें राहून रस्त्यावर ऊन पडतें कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे पुरे.